वाट कान्हेरीची

सहल ठरली की मुलांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते जंगल, तेथील माकडे आणि सोबत न्यावयाचा फराळाचा डबा. तेथे जायचे कसे, हा प्रश्न मागाहून येतो आणि तो थोरांनीच सोडवावा, अशी समजूत असते. कल्याणच्या एका शाळेतील सातवीच्या वर्गाने मात्र हे काम आपणहून अंगावर घेतले. वर्गाच्या बाईंनी फळ्यावर एकच वाक्य लिहिले, 'सकाळी निघून, जंगल व लेणी पाहून, अंधार पडण्यापूर्वी 42 जणांनी घरी परतायचे आहे.' 39 मुलेमुली आणि 3 शिक्षक मिळून ही संख्या होत होती.

स्थळाविषयी वाद झाला नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साऱ्यांनाच पाहावयाचे होते. मुंबईसारख्या अफाट नगरीला खेटून सुमारे 104 चौरस किलोमीटरांचे अरण्य उभे आहे, त्यात बिबळे आणि चितळ राहतात, तुळशी व विहार हे दोन तलाव त्याच्याच कुशीत आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईकर पितात, हेच मुळी नवल आहे. याच अरण्यात कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंनी काळ्या खडकात त्यांचा आरंभ केला. पुढे हजार वर्षांच्या अवधीत त्यांची संख्या शंभरावर गेली. लेणी कोरण्यासाठी दान देणाऱ्यांची नावे तेथील ब्राह्मी शिलालेखांत आहेत. त्यांत सोपारा, चौल व नाशिक येथल्या लोकांबरोबर कल्याणचेही लोक आहेत. बाईंनी हे सांगताच वर्गात कुजबुज झाली. ज्या वाटेने आपल्या गावचे व्यापारी अठराशे वर्षांपूर्वी गेले, तिकडे आपण एकदाही जाऊ नये, हे मुलांना बरे वाटले नाही.

मग जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर आला. एका मुलाने पट्टी ठेवून ठाणे आणि बोरिवली या स्थानकांमधील अंतर मोजले. प्रमाणाप्रमाणे ते सुमारे 13 किलोमीटर भरले. तो आनंदाने म्हणाला, "बाई, ठाण्यापर्यंत आगगाडीने जाऊ. पुढे बसने अर्ध्या तासात बोरिवली!"

"पट्टी जरा उचल," बाई म्हणाल्या, "आणि तिच्याखाली काय आहे ते पाहा."

पट्टीखाली जंगलच होते. ठाणे त्याच्या पूर्वेस, बोरिवली पश्चिमेस आणि मध्ये डोंगर. त्यामुळे रस्ता उत्तरेकडून घोडबंदरचा वळसा घेऊन जातो आणि अंतर जवळजवळ दुप्पट होते. लोहमार्ग तर याहून मोठा वळसा दक्षिणेकडून घालतो. कल्याणहून दादर सुमारे 45 किलोमीटर, तेथे मध्य रेल्वे सोडून पश्चिम रेल्वेची गाडी धरायची आणि पुन्हा उत्तरेकडे सुमारे 24 किलोमीटर जायचे. ज्याला भेटावयाचे तेच जंगल मध्ये आडवे बसले होते! या जंगलाखालून ठाणे ते बोरिवली असा जोड बोगदा काढण्याच्या कामाचे भूमिपूजन 2024 साली झाले आहे. परंतु तो पुरा होईपर्यंत वळशावाचून गत्यंतर नाही.

वर्गाचे तीन गट पडले. पहिल्या गटाने लोकलगाडीची बाजू घेतली. भाडे सर्वांत कमी, गाड्या पुष्कळ आणि रस्त्यावर खोळंबा होण्याचे भय नाही. दुसऱ्या गटाला ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे शहर बस हा मार्ग पसंत होता. तिसऱ्या गटाचे म्हणणे, राज्य परिवहनाची एक बसच ठरवावी. ती शाळेच्या दारातून निघेल आणि उद्यानाच्या दारात उतरवील. शालेय सहलींना एस. टी. भाड्यात निम्मी सवलत देते, हेही त्यांनी शोधून काढले होते. तरीदेखील माणशी खर्च लोकलच्या कितीतरी पट होत होता. हात वर करून मते घेतली, तेव्हा लोकलच्या बाजूने मोठे बहुमत झाले. दुसरा मार्ग तर कोणाच्या फारसा ध्यानातही राहिला नाही. नेहमीच्या प्रवाशांनी भरलेल्या शहर बसमध्ये 42 जण एकदम चढणार कसे, याचे उत्तर त्या गटापाशी नव्हते.

वर्गात कुबडीच्या आधाराने चालणारा एक मुलगा होता. त्याने कोणत्याच बाजूस हात वर केला नव्हता. मधल्या सुटीत तो बाईंना म्हणाला, "मी या खेपेला येत नाही. घरी काम आहे." बाईंनी त्यास कारण विचारले नाही. परंतु त्याच्या बाकावर बसणाऱ्या मुलीने ते ऐकले होते. काम कसले, हे ती चांगले जाणून होती.

ती त्या वेळी काही बोलली नाही. पुढच्या गुरुवारी शाळेला स्थानिक सुटी होती. तिने वडिलांना गळ घातली आणि सकाळच्या वेळी त्यांच्याबरोबर कल्याण ते बोरिवली असा प्रवास करून आली. शुक्रवारी तिने वर्गापुढे वृत्तान्त वाचला. कल्याणला गाडीत शिरतानाच तिचा वडिलांचा हात दोनदा सुटला होता. गाडी फलाटावर जेमतेम थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरतात व चढणारे चढतात. दादरला पूल ओलांडून पलीकडे जावे लागते. तेथे सरकते जिने आहेत, परंतु गर्दीचा लोंढा असा येतो की आपल्या मनाने थांबता येत नाही. शेवटी तिने एवढेच म्हटले, "आम्ही दोघेच होतो, म्हणून पोहोचलो. 42 जण एका डब्यात चढून एकाच वेळी उतरतील, असे मला वाटत नाही. आणि ज्याला सावकाश चालावे लागते, त्याने त्या पुलावर काय करायचे?"

कोणी त्या मुलाकडे पाहिले नाही. पाहू नये एवढे शहाणपण त्यांना होते. पुन्हा मते घेतली. एस. टी. ठरली. खर्चाचा जो फरक पडत होता, त्याकरिता घरोघरची रद्दी गोळा करण्याचे काम पुढे दोन आठवडे चालले. त्यातून सर्वच्या सर्व भागले नाही, पण ज्या तिघांना वर्गणी जड जात होती, त्यांची सोय झाली.

दिवस निवडतानाही विचार करावा लागला. सोमवारी उद्यान बंद असते. रविवारी ते उघडे असले तरी अर्धी मुंबई तेथे लोटते. शिवाय रुळांच्या देखभालीसाठी लोकलगाड्यांचा मेगाब्लॉक बहुधा रविवारीच असतो. बस मध्येच बंद पडली, तर परतीला आगगाडीचाही भरवसा नाही. पावसाळ्यात लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या होतात. या सर्वांची बेरीज करून जानेवारीतील एक गुरुवार ठरला.

एवढ्याने काम संपले असे मुलांस वाटले. वस्तुतः खरी अडचण पुढेच होती. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे 6 किलोमीटर आत आहेत. बिबळ्यांच्या अरण्यातून एवढे अंतर मुलांची रांग करून चालत नेणे योग्य नव्हे. बाहेरची वाहने आत नेण्याचे नियम पालटत असतात. तेव्हा आपली बस दारातच थांबेल आणि आतला प्रवास तेथील लहान गाडीने करावा लागेल, असे धरून चालणे शहाणपणाचे होते. गाडी एका खेपेस 14 जणांना नेईल, जावयास 20 मिनिटे व यावयास 20 मिनिटे लागतील आणि चढउतारात दोन्ही टोकांस पाच-पाच मिनिटे जातील, असे मुलांनी गृहीत धरले. म्हणजे एक खेप 50 मिनिटांची. एकूण तुकड्या तीन, प्रत्येकीत 13 मुले व एक शिक्षक.

पहिली तुकडी 9 वाजून 30 मिनिटांनी निघाली, तर तिसरी निघणार 11 वाजून 10 मिनिटांनी. तिसऱ्या तुकडीतील मुले कुरकुरू लागली. त्यांची समजूत घालण्यासाठी वर्गप्रमुख म्हणाला, "तुम्ही शेवटी जाल, तर परत येताना तुम्हांला पहिला मान!"

हे ऐकावयास गोड होते. बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावून हिशोब करावयास सांगितले. परतीची पहिली गाडी लेण्यांपासून 1 वाजता सुटणार होती. तिसरी तुकडी 11.30 ला पोहोचून 1 वाजता परतली, तर तिला लेणी पाहावयास दीड तास मिळत होता. पहिली तुकडी मात्र 9.50 पासून 2.40 पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच तास तेथेच. वर्गप्रमुखाने डोके खाजवले. मग त्याने सर्व पुसले आणि ज्या क्रमाने गेलो त्याच क्रमाने परतायचे, असे मांडून पाहिले. आता प्रत्येक तुकडीच्या वाट्यास नेमके 3 तास 10 मिनिटे येत होती. कुरकुर थांबली. वाट पाहण्याच्या वेळात मागच्या तुकड्यांनी प्रवेशद्वाराजवळचे निसर्ग माहिती केंद्र पाहावे आणि न्याहारी उरकावी, असेही ठरले. कुबडी घेऊन चालणारा मुलगा पहिल्या तुकडीत होता. कारण कोणी सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. 'घरचे काम' आता उरले नव्हते.

बस 3.15 ला निघावी आणि वाटेत खोळंबा झाला तरी 6 पर्यंत कल्याणला यावी, अशी नोंद करून आराखडा पुरा झाला. जाताना व येताना मिळून पावणेदोन तास केवळ खोळंब्यासाठी राखून ठेवलेले पाहून एका मुलाने विचारले, "एवढा वेळ वाया का घालवायचा?" त्याला उत्तर सहलीच्या दिवशी घोडबंदरच्या रस्त्यावर मिळाले. पुढे मालवाहू गाड्यांची दुहेरी रांग, मागे तशीच दुसरी, आणि मध्ये त्यांची बस तब्बल 35 मिनिटे गोगलगाईप्रमाणे सरकत होती. साडेसहाला निघालेली मंडळी 9 ला दहा कमी असताना प्रवेशद्वारी उतरली. 9 ही आराखड्यातील वेळ होती.

आत गाडी 14 ऐवजी 16 जणांची निघाली. परंतु तुकड्या मोडून गोंधळ करण्यापेक्षा दोन जागा रिकाम्या गेलेल्या बऱ्या, असे बाईंनी ठरविले.

लेण्यांपाशी पोहोचल्यावर मुले खडकातील पायऱ्यांवरून वरच्या विहारांकडे पांगली. कुबडीवाला मुलगा वर गेला नाही. चढणीच्या आरंभीच तिसऱ्या क्रमांकाचे लेणे आहे. ते कान्हेरीतील मोठे चैत्यगृह होय. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंस बुद्धाच्या भव्य मूर्ती उभ्या आहेत. तो सावकाश आत गेला आणि स्तूपापर्यंत जाऊन परत फिरला. त्याने खांब मोजले. एकदा 33 भरले, म्हणून पुन्हा मोजले. ते 34 होते. वरची मंडळी उतरून आली, तेव्हा पाण्याची टाकी किती पाहिली, याविषयी त्यांच्यात एकमत नव्हते. खांबांचा आकडा मात्र त्याने ठामपणे सांगितला. पडताळून पाहणाऱ्या दोघांना तो मान्य करावा लागला.

3 वाजता शेवटची तुकडी प्रवेशद्वारापाशी उतरली. वर्गप्रमुखाने बसच्या दारात उभे राहून एकेक नाव घेतले. 42 चा आकडा पुरा होताच वाहकाने घंटा दिली. तेव्हा 3 वाजून 12 मिनिटे झाली होती.