दीड डॉलरची शाळा : मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांचे लोककार्य

३ ऑक्टोबर १९०४ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, डेटोना येथे, भाड्याच्या लहानशा घरात कृष्णवर्णीय मुलींची शाळा सुरू झाली. संस्थापिका मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांच्याजवळ दीड डॉलर होते. विद्यार्थिनी पाच, सहावा विद्यार्थी त्यांचा स्वतःचा लहान मुलगा. बसावयास टाकाऊ खोकी, लिहावयास जळक्या लाकडाचे तुकडे, शाईसाठी रानफळांचा रस. रताळ्याचे गोड पदार्थ व आइस्क्रीम मजुरांना विकून शाळेचा खर्च भागे. वसतिगृहाचा किराणा ज्यांनी उधारीवर भरला आहे, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

मेरी यांचा जन्म १८७५ चा, दक्षिण कॅरोलिनातील मेझव्हिलचा. सतरा भावंडांत त्या पंधराव्या. आईवडिलांनी गुलामगिरी भोगलेली. आई जेथे काम करी त्या गोऱ्यांच्या घरी लहानग्या मेरीने एकदा पुस्तक हाती घेतले, तेव्हा तुला वाचता येत नाही असे बजावून त्या घरच्या मुलीने ते काढून घेतले. ही आठवण त्यांनी जन्मभर जपली. पुढे त्या शिकल्या. धर्मप्रचारक म्हणून आफ्रिकेत जाण्याची त्यांची इच्छा होती; परंतु कृष्णवर्णीयांना तेथे पाठवीत नाही, असे उत्तर मिळाले. इतिहासाच्या शिक्षकाला असे नकार फार महत्त्वाचे वाटतात.

शाळेतील एका मुलीला अपेंडिक्सचा तीव्र विकार झाला, तेव्हा गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला आत खाट दिली नाही. मागच्या ओसरीवर ठेवले. बेथ्यूनबाईंनी तक्रारअर्ज लिहिण्यावर भागविले नाही. १९११ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी रुग्णालय उभे केले. १९२० मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळताच त्यांनी मतदान-कर भरण्यासाठी पैसे जमविले आणि साक्षरतेच्या चाचणीसाठी प्रौढांना शिकविले. निवडणुकीच्या आदल्या रात्री कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचे बुरखाधारी शाळेच्या आवारात आले. बाई हटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या लोकांना घेऊन मतदानास गेल्या.

पुढील कार्य राष्ट्रीय पातळीवरचे. १९३५ मध्ये त्यांनी ‘नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन’ स्थापन केली. १९३६ पासून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या प्रशासनात कृष्णवर्णीय युवकांच्या शिक्षण-रोजगाराचे काम पाहिले. १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत, जेथे संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली, त्या डॉ. ड्यू बॉइस यांच्यासह सल्लागार म्हणून उपस्थित होत्या. याच ड्यू बॉइस यांना पूज्य बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. निग्रो समाज संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागत आहे असे वाचल्यावरून त्यांनी त्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या.

१८ मे १९५५ रोजी बेथ्यूनबाईंचे निधन झाले. वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या पक्षाचा सेनापती एडमंड कर्बी स्मिथ हा तेथे फ्लोरिडाच्या वतीने कित्येक दशके उभा होता. २०२२ मध्ये त्याच्या जागी बेथ्यूनबाईंचा संगमरवरी पुतळा आला. एखाद्या राज्याने त्या संग्रहासाठी दिलेला कृष्णवर्णीय व्यक्तीचा हा पहिलाच पुतळा. त्यांच्या हाती काळा गुलाब आहे. आपल्या विद्यार्थ्यांना त्या याच नावाने संबोधीत.

दीड डॉलरच्या त्या शाळेचे आज बेथ्यून-कुकमन विद्यापीठ झाले आहे. त्याच्याच आवारात, आपल्या राहत्या घराजवळ, बाई चिरविश्रांती घेत आहेत.