हिशेब आणि संगणकाची अमेरिकी पदवी: फी युनिटवर मोजा

अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टीम्स म्हणजे जमाखर्च आणि संगणकप्रणाली एकत्र शिकवणारी पदवी: ईआरपी, डेटाबेस, ऑडिट, अंतर्गत नियंत्रण. आपल्याकडे हे बहुधा बीकॉमच्या एखाद्या पेपरात उरकतात. अमेरिकेत यात पदवी करता येते. उदाहरणासाठी सॅन होजे स्टेट हे सरकारी विद्यापीठ घेऊ.

2024-25 मध्ये कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठांची मूळ फी वर्षाला 6,084 डॉलर होती. पालक हा आकडा पाहून खूश होतात आणि तिथेच गणित चुकतं. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला यावर दर युनिटला (म्हणजे क्रेडिटला) 420 डॉलर वेगळे मोजावे लागत होते. पदवी 120 युनिटची, म्हणजे वर्षाला 30 युनिटचे 12,600 डॉलर. एकूण 18,684. डॉलर 90 रुपये धरला तर वर्षाला 16 लाख 80 हजार, चार वर्षांचे 67 लाख. हाही किमान आकडा समजा, कारण मूळ फी 2024 पासून पाच वर्षं दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढवायचं आधीच ठरलंय. कॅम्पस फी, आरोग्य विमा, पुस्तकं यात धरलेली नाहीत. सिलिकॉन व्हॅलीत राहण्याजेवणाचा खर्चही फीच्या आसपास जातो. सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचे 350 आणि व्हिसा अर्जाचे 185 डॉलर त्यामानाने किरकोळच.

युनिटचा हिशेब कळला की बचतीची जागाही दिसते. तीन युनिटचा एक विषय पुन्हा घ्यावा लागला, तर त्या दराने 1,260 डॉलर म्हणजे सुमारे 1 लाख 13 हजार रुपये गेले. उलट बारावीपर्यंत एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा देऊन काही युनिट आधीच पदरात पाडता येतात. दुसरी वाट कम्युनिटी कॉलेजची. तिथली 70 पर्यंत युनिट कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठं धरतात. तिथे फी साधारणपणे कमी असते, वर्गही लहान. ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटल्यावर नातेवाईक नाक मुरडतात. मुरडू द्या, पदवी सॅन होजेचीच मिळते. फक्त कोणता विषय सॅन होजेत धरला जाईल हे प्रवेशाआधी लेखी घ्या.

विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-20 फॉर्मवर अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (विषयाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) छापलेला असतो, तो फीइतकाच महत्त्वाचा. पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर 12 महिने काम करता येतं. कोड स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतला असेल तर आणखी 24. साध्या अकाउंटिंगचा 52.0301 हा कोड त्या यादीत नाही. पदवीच्या नावात ‘सिस्टीम्स’ असून भागत नाही, म्हणून फी भरण्याआधीच विद्यापीठाला कोड विचारा. कर्ज एका वर्षाच्या पगारातून फेडायचं की तीन वर्षांच्या, हे त्यावर ठरतं. शिकताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास काम करता येतं, पण त्यातून फी निघेल असं धरून चालू नका.

सीपीए (अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल) व्हायचं असेल तर अनेक राज्यांत 150 युनिटची अट राहिली आहे, म्हणजे पदवीवर आणखी 30. ओहायोसारख्या काही राज्यांनी अलीकडे पदवी आणि दोन वर्षांच्या अनुभवाचा पर्याय दिला आहे.

पैसे स्वतःच्या खात्यातून पाठवले आणि वर्षाची रक्कम 10 लाखांवर गेली, तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस (उगमस्थानी गोळा होणारा कर) कापते. तो विवरणपत्रात वळता करता येतो, पण तोवर रक्कम अडकते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. शिवाय जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला कर्जाच्या व्याजावर वजावट आठ वर्षं मिळते.