भातगिरणीच्या मोटारीस ब्रेकर कोणता?

प्रश्न : आमगाव तालुक्यात आमची लहान भातगिरणी आहे. १० अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार सुरू करताच १६ अँपिअरचा 'बी' वर्गाचा एमसीबी पडतो. वायरमन ४० चा बसवा म्हणतो. बसवावा काय?

उत्तर : मुळीच बसवू नये. आपल्या मोटारीचा पूर्णभार प्रवाह सुमारे १४ अँपिअर असला, तरी थेट स्टार्टरवर फिरू लागताना ती क्षणभर त्याच्या सहा-सातपट प्रवाह ओढते, आणि 'बी' वर्गाचा ब्रेकर तर अंकित प्रवाहाच्या तीन ते पाचपटीतच तत्काळ तुटतो. तेव्हा दोष आकड्याचा नसून वर्गाचा आहे. दहा ते वीसपटीपर्यंत धीर धरणारा 'डी' वर्गाचा, २० अँपिअरचा, तीन ध्रुवांचा ब्रेकर आपणांस योग्य होय. अंक १६ चाच ठेवल्यास मे महिन्यात तापलेल्या पेटीत तो विनाकारण पडत राहील.

मात्र ब्रेकरचा अंक तारेच्या वहनक्षमतेहून अधिक असता कामा नये, हा नियम अनुल्लंघनीय समजावा. पातळ तारेवर ४० चा ब्रेकर बसविला, तर ब्रेकर स्वस्थ राहून तारच तापेल, आणि कोंड्याची धूळ जेथे तुळयांवर थर धरून बसते, तेथे वेष्टन वितळण्याचा परिणाम काय होईल हे सांगणे नलगे. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. 'डी' वर्गास दोषप्रवाहही मोठा लागतो. सबब भूसंपर्काची तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करवून घ्यावी.

स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील प्रवाहावरच लावावा, आणि एक फेज गेल्यास मोटार थांबविणारे साधन अवश्य जोडावे.