भरलेलं जाळं, रिकामा समुद्र

टी.ई.ला सेमिनारचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी 'सोनार' दिला, कारण विषय घरचा होता. आमच्या काकांची हर्णै बंदरात होडी आहे आणि तिच्यावर फिशफाइंडर आहे. लहानपणी त्या पडद्यावरचे लाल-पिवळे डाग बघत मी केबिनमध्ये तासन्‌तास बसायचो. म्हटलं, थिअरी आपोआप होईल आणि मार्कही मिळतील. थिअरी तीन दिवसांत संपली. पण वाचता वाचता जे हाती लागलं ते वीस स्लाइड्समध्ये काही मावलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

थिअरी सोपी आहे. होडीच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर खाली आवाजाची पल्स सोडतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.२ सेकंदाने परत आला तर जायचे १५० आणि यायचे १५०, म्हणजे तळ १५० मीटरवर. मधेच मासे असतील तर त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज परततो आणि पडद्यावर डाग उमटतो. बस, एवढंच. या डागांमुळे एका देशाची अख्खी मासेमारी कशी फसली, ती गोष्ट मात्र सोपी नाही.

ती गोष्ट न्यूफाउंडलंडची. कॅनडाच्या पूर्वेला अटलांटिकमध्ये असलेलं हे बेट आकाराने महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून थोडं मोठं. जमीन खडकाळ, उन्हाळा छोटा, शेती नावापुरती. बेटाच्या आग्नेयेला समुद्रात 'ग्रँड बँक्स' नावाचं प्रचंड उथळ पठार आहे. उत्तरेकडून येणारा थंड लॅब्राडोर प्रवाह आणि दक्षिणेचा उबदार गल्फ स्ट्रीम इथे एकमेकांना भेटतात. त्यामुळे धुकं भयंकर, पण माशांना खाद्य भरपूर. १४९७ साली जॉन कॅबट इथे पोचला तेव्हा पाण्यात टोपली सोडली तरी कॉड मासे भरून येतात, अशी बातमी युरोपात गेली. पुढची जवळजवळ पाचशे वर्षं या बेटाने कॉड धरला, खारवला, वाळवला आणि विकला. तिथे नुसतं 'मासा' म्हटलं की कॉडच समजायचं, बाकीच्यांना आपापली नावं. आपल्याकडे 'जेवलास का' म्हटलं की भात गृहीत धरतात, तसंच.

किनाऱ्यावरच्या लोकांची पद्धत साधी होती. उन्हाळ्यात कॅपेलिन नावाच्या बारीक माशांच्या मागे कॉड किनाऱ्याशी यायचा, तेव्हा गळ टाकून किंवा पेटीसारखी जाळी लावून धरायचा. हिवाळ्यात तो खोल पाण्यात गेला की त्याच्या मागे जायची यांची ऐपतच नव्हती. म्हणजे त्याला सुट्टी मिळायची, आणि ती कुठल्या कायद्याने नव्हे, होडी लहान होती म्हणून.

ही सुट्टी इंजिनिअरिंगने संपवली. १९५४ साली 'फेअरट्राय' हे ब्रिटिश जहाज ग्रँड बँक्सवर आलं. मासे पकडायचे, जहाजावरच कापायचे, तिथेच गोठवायचे. महिनोन्‌महिने बंदराची गरज नाही. मग सोव्हिएत, स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन अशी रांगच लागली. १९६८ साली या भागातल्या 'नॉर्दर्न कॉड'ची पकड आठ लाख टनांच्या वर गेली. दहा वर्षांत ती दीड लाख टनांच्या खाली घसरली.

इथपर्यंत गोष्ट ओळखीची वाटते: परके आले, लुटून गेले. कॅनडालाही तसंच वाटलं. १९७७ साली त्यांनी किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला हक्क लावला आणि बहुतेक परकी जहाजं बाहेर काढली. (आपला सागरी क्षेत्राचा कायदा १९७६ चा, त्यातही हेच २०० मैल.) आता समुद्र आपला, शास्त्रज्ञ आपले, नियम आपले. मग कॅनडाने स्वतःचे ट्रॉलर बांधले, किनाऱ्यावर प्रक्रिया कारखाने उभे केले, कर्जं दिली. गावंच्या गावं त्या कारखान्यांवर जगू लागली. आणि यानंतर कॉड संपला. परक्यांनी अर्धा संपवला असेल, पण उरलेला घरच्यांनी, तोही दरवर्षी मोजून!

मोजून कसा संपवला, हाच माझ्या मते आपल्यासारख्यांनी वाचायचा भाग आहे.

समुद्रातले मासे थेट मोजता येत नाहीत. म्हणून दोन वाटा होत्या. एक, सरकारी संशोधन जहाज नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखी जागा निवडून जाळं सोडायचं. यातली बरीच जाळी जवळजवळ रिकामी येतात, काही फुटेस्तोवर भरतात, म्हणून आकडे फार उड्या मारतात. दुसरी वाट म्हणजे व्यापारी ट्रॉलरच्या नोंदी: तासाला किती टन मिळाले. हा डेटा भरपूर आणि त्याचा ग्राफ छान गुळगुळीत. गुळगुळीत ग्राफ बघितला की माणसाला बरं वाटतं. (लॅबमध्ये एखादं रिडिंग गुपचूप खोडणारे आपण सगळेच आहोत, तेव्हा हसू नका.) ऐंशीच्या दशकात दोन्हींची सांगड घालून साठा ठरवत, आणि ट्रॉलरचे आकडे चांगले येत असल्याने साठा वाढतोय असं दिसायचं.

यामागचं समीकरण असं: तासाची पकड = क × साठा. यातला 'क' स्थिर आहे असं धरलं होतं. तो स्थिर नव्हता. एक तर सोनार आणि दिशादर्शनाची उपकरणं दरवर्षी सुधारत होती. दुसरं म्हणजे कॉड कमी झाला की उरलेला समुद्रभर विखरून राहत नाही, सोयीच्या जागी दाट थव्याने गोळा होतो. ट्रॉलर कशाला रिकाम्या पाण्यात जाळं टाकेल? तो पडद्यावरचा डाग बघून नेमका थव्यावर जाणार. जाळं भरलेलंच येणार. साठा निम्मा झाला आणि 'क' दुप्पट झाला, तर गुणाकार तेवढाच राहतो.

अजून पटत नसेल तर आपलं कँटीन घ्या. दुपारी एक वाजता तिथे खुर्ची रिकामी मिळत नाही. कॉलेजात तीन हजार पोरं असोत की पी.एल.मध्ये हजारच उरलेली असोत, कँटीन भरलेलंच. आता कुणी कँटीनच्या खुर्च्या मोजून कॉलेजची पटसंख्या ठरवायला लागला तर? शेवटचा ग्रुप घरी जाईपर्यंत त्याचा ग्राफ सपाट राहील आणि दुसऱ्या दिवशी एकदम शून्यावर येईल.

रिकाम्या खुर्च्या दिसत होत्या त्या किनाऱ्यावरच्या लोकांना. यंदा मासा कमी आलाय, आलेला बारीक आहे, असं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ओरडत होते. त्यांची जाळी एका जागी बसलेली; मासा आला तर मिळणार, नाही तर नाही. म्हणजे खरं तर त्यांचंच उपकरण कमी बिघडलेलं होतं! पण त्यांच्या नोंदी समीकरणात बसत नव्हत्या, म्हणून धरल्या गेल्या नाहीत.

१९८९ च्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी हिशेब नव्याने केला आणि चूक कळली. त्या वर्षी १,२५,००० टनांपुढे जाऊ नका, असा त्यांचा सल्ला होता. मंत्र्यांनी २,३५,००० टनांची परवानगी दिली. एकदम अर्ध्यावर आणलं तर कारखाने बंद पडतील ही भीती खोटी नव्हती, त्यामुळे मला त्यांना नुसतं खलनायक म्हणवत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला पाणी नेहमीपेक्षा थंड झालं आणि त्यानेही कॉडला मारलं, असंही काही अभ्यासक मानतात. असेलही. पण साठा भरलेला असता तर थंडीची दोन-चार वर्षं त्याने काढली असती, असं मला वाटतं.

२ जुलै १९९२ ला मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी सेंट जॉन्सच्या एका हॉटेलात बंदी जाहीर केली, तेव्हा बाहेर चिडलेले मच्छीमार दार तोडायला बघत होते. आदल्याच दिवशी एका बंदरात क्रॉस्बी त्यांना चिडून म्हणाले होते की मासे मी नाही काढले पाण्यातून. ते स्वतः त्याच बेटाचे. एका दिवसात तीस हजारांच्या आसपास माणसांचं काम गेलं. प्रांताची लोकसंख्या १९९१ मध्ये ५ लाख ६८ हजार होती, ती २००१ मध्ये ५ लाख १३ हजार झाली. त्यात तरुण जास्त गेले, हे वेगळं सांगायला नको.

बंदी दोन वर्षांसाठी होती. ती बत्तीस वर्षं चालली. कॉडला वयात यायलाच पाच ते सात वर्षं लागतात, आणि तोपर्यंत समुद्राची घडीच बदलली होती. खाणारा कॉड नाही म्हटल्यावर कोळंबी आणि खेकडे वाढले आणि लोक त्यांच्यावर जगू लागले. २०२३ मध्ये मोजणीचं मॉडेल बदललं, त्यात १९५४ पासूनचे जुने आकडे घेतले, आणि साठा अतिधोक्याच्या पट्ट्यातून वर आलेला दिसला. जून २०२४ मध्ये सरकारने बंदी उठवली आणि १८,००० टनांची मर्यादा घातली. म्हणजे सुटका झाली तीसुद्धा मासा रातोरात वाढून नव्हे, पट्टी बदलून. यावरून तिथे वाद आहेत, आणि आधीचा इतिहास बघता ते व्हायलाच हवेत.

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिकडचं ठीक आहे. आपल्याकडे जून-जुलै बंदी असते, एलईडी लाइटची मासेमारी सतरा साली बंद केली. आणि माझे क्रेट बघ की, पाच वर्षांपूर्वी होते तेवढेच आहेत."

"काका, पण पाच वर्षांपूर्वी तुम्ही किती लांब जायचात?"

ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. काकू आतून म्हणाली, "तेव्हा रात्री घरी जेवायला यायचे."

मोठ्या होडीसाठी कर्जाचे कागद त्यांनी आणून ठेवलेत, ते अजून कपाटावरच आहेत. काकांची एक वही आहे. त्यात तारीख, क्रेट आणि मिळालेला भाव एवढंच लिहितात. मी तीत आणखी दोन रकाने आखून दिले: डिझेल किती लिटर, आणि पहिलं जाळं किती वावांत टाकलं. "तुझ्या कॉलेजचा अभ्यास मी करायचा होय," म्हणून हसले. पण परवा फोनवर बोलताना त्यांनी आपणहून डिझेलचा आकडा सांगितला.