वाडी धरशील तर गावासकट धर

पोरी, आगरदांड्यातली पडीक वाडी तू आणि तुझ्या बचत गटातल्या बायकांनी पुन्हा उभी करायची ठरवलीत, शाळेमागे परसबागही घेताय, हे ऐकून फार बरं वाटलं. कामांची यादी तुझ्याकडे आहे, पुस्तकं आहेत, मोबाइलवर पाहिलेलं तर विचारूच नये. त्यातच मावशीचं हे एवढं बोलणं ठेव. सगळं एका दिवसात वाचू नकोस आणि सगळं एका पावसात करायला तर मुळीच जाऊ नकोस. तुझा उरक मला ठाऊक आहे!

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर चढलं आणि दुपारच्या काही तासांत मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीला पहिलं पीक द्यायला सहा-सात वर्षं लागतात, बाणवली माडालाही जवळजवळ तेवढीच. एक दुपार गेली आणि घराघराची सहा-सात वर्षं गेली. म्हणून मी जे सांगते ते पुढच्या वादळाकडे डोळा ठेवूनच सांगते.

१. एक पावसाळा काही न लावता वाडी नुसती बघ — पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं आणि मे महिन्यात कुठल्या कोपऱ्यात मिठाचा पांढरा थर दिसतो, हे कुठल्या नकाशात सापडत नाही.

२. दक्षिण आणि पश्चिम बाजू आधी झाक — दुपारनंतरचं तिरपं ऊन पोफळीच्या खोडाला लागलं की साल भाजते, मग चिरते, आणि पुढे वारा नेमका तिथेच मोडतो. झाडं मोठी होईतो खोडांना झावळ्या नाहीतर पोफळीच्या विऱ्या बांध.

३. वाऱ्याच्या अंगाला दोन-तीन ओळी धर, बुटकी झाडं बाहेर आणि उंच झाडं आत — वारा अडवायचा नसतो, चाळायचा असतो. भिंतीवर आपटलेला वारा वर उडून पलीकडे अधिक जोरात कोसळतो.

४. एकट्या सुरूवर विसंबू नकोस. उंडी, करंज, भेंडी, केवडा असं मिसळून लाव — सुरू भराभर वाढतो खरा, पण त्याच्या सुयांच्या थरात दुसरं फारसं रुजत नाही. उंडी सावकाश वाढते, पण खाऱ्या वाऱ्याला दबत नाही. पूर्वी तिच्या बियांचं तेल दिव्याला लागायचं आणि होड्यांच्या लाकडालाही.

५. वाडी मजल्यांनी भर. माड पंचवीस फुटांवर, चार माडांच्या मधोमध जायफळ, माडाच्या खोडावर मिरी, खाली केळ, अननस, हळद, सुरण. पोफळीचा पट्टा वेगळा, नऊ-नऊ फुटांवर — एका जातीची वाडी, एका वाऱ्याची धनी. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडात मसाल्याची झाडं घेऊन हीच रीत लाखी बाग या नावाने लोकांपुढे मांडली. एकदा सगळ्या जणींनी जाऊन बघून या.

६. नव्या पोफळीआधी केळ लाव — कोवळ्या पोफळीला सावली लागते, आणि केळ वर्षभरात सावलीही देते, घडही देते. गटातल्या बायकांना पहिल्या वर्षीच हाती चार पैसे दिसले की पुढची सहा वर्षं धीर टिकतो.

७. कोकमाची रोपं कलमाचीच घे — बियांपासून वाढवलेल्या झाडांत जवळजवळ निम्मी नर निघतात, आणि ते कळेपर्यंत सहा-सात पावसाळे उलटलेले असतात. जायफळाचंही तेच. दहा माद्यांमागे एक नर मात्र आठवणीने ठेव, सगळेच हुसकून लावू नकोस!

८. माडाचं रोप उंचीवर भाळून घेऊ नकोस, बुंधा बघ — जाड बुंध्याचं, पाच-सहा पानांचं, वर्षाच्या आतलं रोप लवकर मूळ धरतं. लांबलचक रोप बहुधा दाटीत सावलीला वाढलेलं असतं.

आता पाण्याचं. रायगडात पाऊस पडतो वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि एप्रिलमध्ये आपण हंडा घेऊन उभ्या. याचं कारण वाडीतच शोधायला हवं.

९. खाडीकाठची विहीर एप्रिल-मेमध्ये तळापर्यंत उपसू नकोस. थोडा वेळ पंप, मग विसावा, मग पुन्हा थोडा वेळ — इथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी फूटभर खाली गेली की खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं, असा भूजलाचा हिशेब आहे. एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कितीतरी पावसाळे घेते.

१०. छपराचं आणि उताराचं पाणी वाडीच्या वरच्या अंगाला चर खणून जिरव — ओढ्यात सोडलेलं पाणी दोन तासांत खाडीला मिळतं. चरात थांबलेलं पाणी विहिरीतल्या गोड्या पाण्याला रेटा देतं.

११. नारळाची सोडणं जाळू नकोस. आळ्याभोवती चर काढून पुरून टाक — सोडण पाणी धरून ठेवतं आणि वर्षानुवर्षं कुजत राहतं. ऐन उन्हाळ्यात एका शिंपण्याची पाळी सहज पुढे ढकलता येते.

१२. पातेरा गोळा करून काडी लावायची सवय गटातून आधी काढ — पाचोळ्याखाली गांडूळ, गांडुळामागे पाखरू, आणि पाखरामुळे अळी आटोक्यात. राबाच्या धुरात हे सगळंच जातं.

१३. बाजारात न खपलेली मासळी, डोकी, आतडी यांसाठी कोळणींशी बोलून ठेव; पातेरा नि शेण यांच्या थरात झाकून कुजव — माडाला इतकं चांगलं खत दुकानात नाही. झाकलं नाहीस तर कुत्री आणि शेजारी दोघंही तुझ्या दारात येतील.

१४. कुंपणाला गिरिपुष्पाच्या फांद्या रोव आणि पावसाच्या आधी छाटून पाला आळ्यात घाल — कुंपणाचं कुंपण, खताचं खत. सिमेंटचा खांब वर्षाला एक पानही देत नाही.

१५. आडवे पडलेले माड-पोफळी वाडीत कुजत ठेवू नकोस — गेंड्या भुंगा अशा कुजक्या खोडात नि शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालतो. वादळात जगलेल्या माडांच्या शेंड्यात पुढच्या वर्षी शिरतो तो तिथूनच. खड्डा दोन महिन्यांनी उलथत जा आणि कोंबड्या मोकळ्या सोड. त्या पांढऱ्या जाड अळ्या कशा टिपतात ते मुलांना दाखवच.

१६. पोफळीच्या कोळेरोगाला बोर्डो मिश्रण पावसाआधीच फवार, मेच्या अखेरीस, आणि दीड महिन्याने उघडीप बघून पुन्हा — घड सडायला लागल्यावर मारलेलं औषध मनाच्या समाधानापुरतं. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना पन्नास लिटरमध्ये, प्लास्टिकच्या पिंपात वेगवेगळं भिजव आणि मग एकत्र कर. स्वच्छ घासलेला कोयता त्यात मिनिटभर बुडवून वर काढ आणि पात्याकडे बघ: तांबूस मुलामा दिसला तर चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाल, पुन्हा कोयता बुडव. पातं होतं तसं चकचकीत निघालं की फवारा. एवढा वेळ दिला नाही तर औषधानेच कोवळी फळं करपतात.

१७. फवारणी संध्याकाळी, आणि सातेरी मधमाश्यांच्या पेट्या त्या वेळी झाकलेल्या — माड बारा महिने फुलतो, म्हणून माडाच्या वाडीत मधमाशी बारा महिने कामावर असते. तिची मजुरी आपण देत नाही, निदान विष तरी देऊ नये.

१८. एखादं ढोलीचं जुनं झाड, कितीही कुरूप दिसलं तरी, तोडू नकोस — धनेश, घुबड यांना घरटं करायला नवं झाड चालत नाही, आणि घुबड जिथे राहतं तिथे नारळ कुरतडणारे उंदीर कमी. फणसाडचं रान आपल्या उशाला आहे. १९८६ ला अभयारण्य झालं आणि शेकरू अजून तिथे आहे, पण रानाची पाखरं हद्दीचा दगड बघून थांबत नाहीत.

१९. वानरांशी भांडण काढू नकोस, पीक बदल. बाहेरच्या पट्ट्यात हळद, सुरण, आलं — जमिनीखालचं ते फारसं उकरत नाहीत. केळी नि पपई घराजवळ, माणसाच्या वावरात.

खाडीकडची बाजू तू यादीत सर्वांत शेवटी लिहिलीयेस. ती वर घे. राजपुरीच्या खाडीचं पाणी वाडीत शिरलं तर वरच्या सगळ्या सूचना नुसत्या कागदावर राहतील.

२०. कांदळवनाला हात लावायचा नाही, वाट काढायलासुद्धा नाही — तिवर, कांदळ, चिपी यांच्या मुळांत लाट दमते आणि कोलंबी-खेकड्याची पिल्लं वाढतात. शिवाय ही तोड बेकायदेशीर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात भोवतालची पन्नास मीटर जागाही राखायला सांगितली. पांढरी चिपी तर २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे.

२१. नवं कांदळ लावायचंच असेल तर जिथे पूर्वी होतं आणि तुटलं तिथेच, वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारून — उघडा चिखल ओसाड नसतो. हिवाळ्यात लांबून येणारी पाखरं त्याच चिखलात चरतात. पावसाळ्यात गळलेल्या लांब शेंगा उचल आणि भांगाच्या दिवसांत रोव. अष्टमीच्या सुमाराला भरती बुटकी असते, मूळ धरायला सवड मिळते.

२२. ज्येष्ठात, पहिल्या मोठ्या उधाणाआधी, खारबंदिस्तीवरून सगळ्यांनी चालत जा. खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवा आणि उघाडीचं दार हलतंय का बघा — बांधाला खांड पडते ती बोटभर बिळातून. पेण-अलिबागच्या खारेपाटात गाव मिळून बांध राखायचं, त्याला जोळ म्हणत. सरकारने बांध हाती घेतले आणि ती सवय सुटत गेली. मला तो मोठा तोटा वाटतो.

२३. खारं पाणी घुसलंच तर घाबरून माती बदलायला जाऊ नकोस. पावसाचं पाणी वाफ्यात भरून ठेव, ओहोटीला सोडून दे, पुन्हा भर — गोडं पाणीच मीठ धुऊन नेतं. भातासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या खारट जमिनीत तगणाऱ्या जाती आहेत, त्यांचं बी मागव.

आता माणसांचं. रोप मेलं तर दुसरं आणता येतं, रुसलेल्या बाईला परत आणायला फार वेळ लागतो.

२४. कोणाचं झाड, कोणाचं पाणी, कोणाचा वाटा, हे पहिली सुपारी पडायच्या आधी लिहून ठेव. जागा ज्याच्या नावावर आहे त्याची सहीही त्यावर घे — तोट्यात सगळे एकमेकींना धरून असतात, कज्जा सुरू होतो तो नफ्यात.

२५. कामाचा वार ठरव, पण बाजाराचा आणि मासळी येण्याचा वेळ सोडून — ज्या बाईचं पोट बोटीवर आहे तिला सकाळी आठची मीटिंग लावणं म्हणजे तिला येऊ नकोस म्हणणंच झालं.

२६. कातकरी बायकांना मजुरीला बोलावतेस तशी सल्ल्यालाही बोलाव, आणि बांधाच्या कडेचा एक पट्टा टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळीसाठी तसाच ठेव — लावल्याशिवाय उगवणारी भाजी वाईट वर्षात पहिली कामी येते. ती खुडायचा त्यांचा हक्कही त्याच कागदावर लिही.

२७. शाळेच्या परसबागेत गावठी बियाणं लाव आणि प्रत्येक वेलाचं सर्वांत चांगलं फळ बियाला राख — जे बी चार पावसाळे इथे काढतं ते आपल्या हवेला सरावतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेऱ्यांनी गावठी वाण घरात जपून बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. बी तीन घरांत वाटून ठेव, एका डब्यात नको.

२८. ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही कुठल्या कपाटात आहे ते शोध, आणि म्हाताऱ्या माणसांना बसवून पुरी कर — २००२ च्या कायद्याने ती गावाची आहे. कुठली उंडी किती जुनी, कुठल्या झऱ्याला मेपर्यंत पाणी, हे सांगणारी माणसं हळूहळू कमी होतायत.

२९. दरवर्षी ई-पीक पाहणीत प्रत्येक जातीची झाडं संख्येसकट नोंदव आणि तारखेसह फोटो काढून ठेव — निसर्ग वादळानंतर मदत ठरली हेक्टरी पन्नास हजार. त्या हिशेबाने पाच गुंठ्यांच्या वाडीला अडीच हजार रुपये येतात, आणि आपल्याकडे वाड्या असतात त्या गुंठ्यांतच. झाडागणिक भरपाई मागायची तर झाडागणिक कागद लागतो.

३०. जून लागायच्या आत सुक्या झावळ्या नि तयार नारळ उतरवून घे, पण हिरवी झावळी तोडू नकोस — सुकलेलं वाऱ्यात घरावर येतं, हिरवं झाडाला जगवतं. पाडेल्याला मेच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेव, नंतर तो कोणाला सापडत नाही.

३१. वादळ गेल्यावर आधी माणसं मोज, मग विजेच्या तारा, मग झाडं. कलंडलेली लहान पोफळ मुळं मातीत असतील तर दोन-चार दिवसांत उभी करून टेकू दे, आणि रोपांच्या पानांवर बसलेलं मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढ — उशीर झाला की पान करपतं नि मूळ सुकतं.

३२. रोपं आणायला श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात जाशील तेव्हा आधी नोंदणी कर, आणि दिघीहून फेरीबोटीने परतताना रोपांवर ओली गोणपाटं पांघर — खाडीवरचा खारा वारा कोवळं पान तेवढ्या वेळातही करपवतो. माझ्यासाठी रोठा सुपारीची दोन रोपं वेगळी काढ. पैसे मी देणार आहे, तेव्हा पावती हरवू नकोस.