मित्रांस घालावयाचे एक कोडे

मराठ्यांनी वसईचा किल्ला १७३९ साली घेतला. त्या सालाचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा : ९७३१ – १३७९ = ८३५२. पुन्हा तसेच : ८५३२ – २३५८ = ६१७४. यापुढे ६१७४ हीच संख्या येत राहते!

डहाणूस १९०५ साली जन्मलेले, देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली हे दाखविले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. शून्यही अंकच धरा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हाती येते.

आम्ही हे वर्गात सांगताच एकाने ११११ घेतले. उत्तर शून्य! सारे त्यास हसले. वस्तुतः आमचा अपुरा नियम त्यानेच पुरा केला : चारही अंक सारखे नसावेत. म्हणून मित्राची शंका हसण्यावारी नेऊ नये. ती आपल्या पाटीवर ताडून पाहावी.