शेंगेतील अदृश्य विष
कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कराडच्या परिसरात भुईमूग पिकतो. दाणे भरताना पाऊस ओढ देऊन जमीन तापली, की मातीतील एक बुरशी शेंगेत शिरते. काढणीनंतर अवेळी पाऊस झाला, की ओल्या शेंगांत ती फोफावते. बदलत्या हवामानामुळे हे दोन्ही धोके वाढत आहेत. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे, यकृताचा घात करणारे विष निर्माण करते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची विषारी पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा ते उजेडात आले. भाजल्याने वा शिजवल्याने ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून शेंगा खडखडीत वाळवाव्यात. बुरसटलेले दाणे गाईपुढेही टाकू नयेत. त्या विषाचा अंश दुधावाटे आपल्याच घरी परततो.